आसाचं तेल

"पळणारी गाडी कुणीबी करतंय. थांबणारी करून दाखवा."

महालिंगअप्पांचं हे पालुपद वालूरच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. फाट्यावर बाभळीखाली त्यांचं पत्र्याचं गॅरेज. ट्रॅक्टर येवो, जीप येवो, नवरदेवाची कोरी मोटारसायकल येवो, अप्पांचा पाय आधी ब्रेकवर. गिऱ्हाईक वैतागे. "इंजिनाचा आवाज तर ऐका, अप्पा!" अप्पा म्हणत, "इंजिन बंद पडलं तर माणूस पायी घरी येतो. ब्रेक गेला तर चौघांच्या खांद्यावर."

त्या सालच्या उन्हाळ्यापासून अप्पा उमादेवीच्या शेडात राबत होते. शेडात तिच्या सासऱ्यांची काळी फ्रेंच गाडी होती, सित्रोन. कधीकाळी हैदराबादच्या एका डॉक्टरकडून आणलेली. लांब नाक, बुटकं अंग, रस्त्याला चिकटून चालायची, म्हणून गावानं तिचं नाव घोरपड ठेवलं होतं. गियरचा दांडा पायाशी नव्हे, समोरच्या फळीतून बाहेर आलेला. उमादेवीचा नवरा वारल्यापासून ती जागची हलली नव्हती. गादीत उंदरांनी संसार मांडले होते, टाकीत गंज साचला होता. अप्पांनी टाकीत वाळूचे खडे घालून ती खळखळून धुतली, वायरी बदलल्या, इंजिन उतरवून पुन्हा बसवलं.

संभाजीनगरचे धम्मानंद नावाचे गृहस्थ जुन्या गाड्या सांभाळायचे. दसऱ्याला सकाळी बायको-लेकीला घेऊन यायचं, आणि गाडी स्वतः चालवत न्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. चालत असेल तरच घेणार. उमादेवीचा दीर बन्सीधर यानं त्यापुढचं ठरवून ठेवलं होतं.

"वैनी, दसऱ्याला गेली तर गेली. न्हाई तर सांजच्याला भंगारवाला कापून नेतोय. आभाळ भरून यायलंय. शेड रिकामं न्हाई झालं तर सोयाबीन काय माझ्या डोस्क्यावर ठिवू?"

ह्याच गाडीतून उमादेवी नवरी होऊन या घरात आली होती.

खंडेनवमीला अप्पांनी शेडातच पोतं अंथरून पाने, हातोडी, पक्कड मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. "आज हत्याराला इसावा. माझ्या बापानंबी या दिवशी पाना उचलला न्हाई," म्हणाले आणि जेवायला घरी गेले. घोरपड तयार होती. दुपारी एक शेवटची चक्कर तेवढी मारायची होती.

उमादेवी एकटीच गाडीपाशी उभी राहिली. तिच्या माहेरी रीत होती. गाडी घर सोडून कायमची निघाली की घरच्या बाईनं तिच्या आसाला, चाकांच्या कण्याला, तेल घालायचं. आस कुरकुरला तर गाडी मागं वळून बघते म्हणत. चाकांच्या झाकण्या अप्पांनी चकाकवायला काढून ठेवल्या होत्या. आत बोटभर भोक दिसलं. तिनं पूजेतलं करडईचं तेल आणलं आणि चारी चाकांना पळी पळी पाजलं. मग पदरानं गाडीचं नाक पुसलं.

दुपारी अप्पा स्टेअरिंगवर, शेजारी उमादेवी, मागं बन्सीधर. कालव्याच्या उतारापर्यंत घोरपड झुळझुळ गेली. उताराच्या तळाशी पूल, पुलावर शेळ्या आणि त्या हाकणारी म्हातारी. अप्पांनी ब्रेक दाबला. पाय घट्ट टेकला, पण गाडी घसरतच राहिली. त्यांनी हातब्रेक ओढला. काही नाही. म्हातारीनं काठी टाकली आणि तोंडावर हात घेतला.

"धरा!" एवढंच अप्पा बोलले आणि गाडी नांगरलेल्या रानात घातली. ढेकळं उडाली. घोरपड नाक खुपसून थांबली.

मग बन्सीधर नाक वर करून म्हणाला, "भज्याचा वास कुठून यायलाय?"

गरम चाकातून उमादेवीच्याच घरचं तेल वास मारत होतं.

गाडी पहिल्या गियरवर, बैलाच्या चालीनं शेडात आली. अप्पा चाकापाशी उकिडवे बसले, भोकात बोट घातलं, हुंगलं. बन्सीधर हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की अप्पा. हळूहळू नेतील. जळून जाईल तेल वाटंत."

"लेकरू बसणार हाय हिच्यात."

"अप्पा, म्या घातलं," उमादेवी म्हणाली. "आसाला म्हणून."

अप्पांनी बोट फडक्याला पुसलं. "बैलगाडी आसती तर बराबर होतं, आक्का. हे भोक ब्रेक कसायचं हाय. बूच लावायचं ऱ्हायलं, ती माझी चूक."

"एक दिवस थांबा, भाऊजी," तिनं दिराला विनवलं.

"मळणीयंत्र उद्याच लागतंय. पाऊस थांबंल का?"

सगळ्यांची नजर पोत्यावरच्या हत्यारांकडं गेली.

"नेम मोडू नका, अप्पा," उमादेवी म्हणाली. "जाऊ द्या तिला भंगारात."

अप्पा पोत्यासमोर बसले. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं, डोळे मिटले. बाहेर कुठंतरी ढग गुरगुरला. मग त्यांनी पान्यावरची फुलं एकेक करून बाजूला काढली, पाना कपाळाला लावला.

"बा वरून शिव्या दिल. खाईन. आक्का, चूल पेटवा."

चाकं निघाली. आतल्या, तेलानं भिजलेल्या ब्रेकच्या पट्ट्या अप्पांनी चुलीपासून लांब, अंगणात पेट्रोलनं धुतल्या, वाळवल्या, मग चुलीच्या निखाऱ्यावर शेकून उरलेलं तेल जाळलं. उमादेवीनं त्या पॉलिश पेपरनं घासल्या, बोटं सोलली तरी थांबली नाही. बन्सीधर आधी उंबऱ्यात बसून होता. शेवटी उठला आणि जॅक धरला. दिवेलागणीच्या आत अप्पांनी उतारावर गाडी थांबवून बघितली. पुन्हा बघितली.

दसऱ्याला सकाळी धम्मानंद आले. सोबत बायको सुकेशनी आणि झेंडूची माळ घातलेली लेक. लेक धावत जाऊन सीटवर बसली. अप्पांनी तिला उचलून खाली उतरवलं.

"आदी ऐका, सायेब. ब्रेकला तेल लागलं होतं. धुतलंय, शेकलंय, धरायलाय. पण घरी गेल्यावर पट्ट्या नव्या घाला. आता उतारावर एकटेच जा आन् थांबवून बगा. न्हाई पटलं तर नका नेऊ."

बन्सीधरनं कपाळावर हात मारला. धम्मानंद एकटेच गाडीत बसले. घोरपड उताराआड गेली. सुकेशनीनं लेकीचा हात घट्ट धरला. वाट बघता बघता कालव्यावरचे बगळे उडाले, पुन्हा बसले.

काळं नाक चढावर वर आलं. धम्मानंद उतरले. "नेतो," एवढंच म्हणाले आणि अप्पांच्या पायाला हात लावायला वाकले. अप्पा मागं सरकले.

उमादेवी अप्पांसाठी शेला आणि नारळ घेऊन आली, तेव्हा ते हत्यारांचं पोतं बांधत होते.

"ठिवा, आक्का. कालची पूजा अर्धी ऱ्हायलीय. ती घरी जाऊन करतो."

पोतं खांद्यावर टाकून ते फाट्याच्या दिशेनं निघाले. गाडी दुसऱ्या दिशेला, कालव्याकडं. शेडाच्या दारात उमादेवी हातात नारळ धरून उभी होती. एका डोळ्यानं इकडं बघत होती, एका डोळ्यानं तिकडं. पुलावर पुन्हा त्याच शेळ्या होत्या. ब्रेक दबल्याचा बारीक आवाज आला. घोरपड थांबली. शेळ्या निवांत पार झाल्या.

अप्पांची पावलं क्षणभर थबकली. मागं वळून त्यांनी बघितलं नाही. पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. उमादेवी बघत राहिली, बाभळींनी त्यांना झाकेपर्यंत.