जप्तीत न येणारे मंगळसूत्र

विघ्नहर्त्या गजाननाच्या चरणी मस्तक ठेवून लिहितो. आखातातील अल हिलाल भागात मुलाच्या घरी आज सत्यनारायणाची पूजा झाली. प्रसाद वाटून होताच याच घरातील जुन्या पूजेची आठवण झाली. तीच येथे मांडतो.

इथल्या फुटबॉल विश्वचषकाची तयारी तेव्हा ऐन भरात होती. शेजारी नाशिकचे एक दांपत्य राहत असे. तो एका नव्या स्टेडियमवर सुतारकामाचा फोरमन होता. नाशिकमधला त्याचा फर्निचरचा कारखाना बुडाला होता आणि पतसंस्थेचे देणे पगारातून फिटण्यापलीकडे गेले होते. म्हणून त्याने नाशिकच्याच न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करण्याचे ठरवले होते. त्यात आपली सारी मालमत्ता शपथेवर सांगावी लागते.

पूजेला दोघेही आली. तिच्या गळ्यात मंगळसूत्राऐवजी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड होते. मंगळसूत्र तुटले की गाठवून येईपर्यंत आपल्याकडे असे बांधतात, म्हणून माझ्या पत्नीने सहज विचारले, "तुटलं का गं?"

"नाही आजी. अल खोरला मैत्रिणीकडे ठेवलंय. अर्जात लिहिलं तर कोर्ट काढून घेणार. मग लिहायलाच नको."

"माझे रंधे-पटाशाही नाशकात मेव्हण्याच्या माळ्यावर टाकलेत," नवरा पुटपुटला.

"आणि शपथ?" मी विचारले.

"आजोबा, शपथेचं देव बघून घेईल. मंगळसूत्र गेलं तर सासूबाई बघतील!"

सगळे हसले, तिचे डोळे मात्र भरून आले होते.

घेणाऱ्याने देणाऱ्याचे जगणे राखूनच घ्यावे, हा विचार पाठशाळेत गुरुजींनी आमच्या मनावर बिंबवला होता. कायदा त्याहून निर्दय असेल, असे मला वाटेना. नाशकात वकिली करणाऱ्या पुतण्याला तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून स्पीकरवर ठेवला.

"काका, तीर्थप्रसाद सोडून माझी आठवण?" तो हसला. सारे ऐकून मात्र गंभीर झाला. "वहिनी, धर्माप्रमाणे जो दागिना बाईने अंगावेगळा करायचा नाही, तो जप्त होत नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, गरजेचे कपडे, कारागिराची हत्यारं, यांनाही कोणी हात लावत नाही. पण ते उघड लिहून सूट मागायची असते. लपवलेलं सापडलं, तर अर्जच धोक्यात येईल."

"आणि या पाटल्या?" जणू त्याला दिसणार होते, असा तिने हात पुढे केला.

"त्या जातील, वहिनी. नवऱ्याच्या पैशाने घेतलेलं हौसेचं सोनं सुटत नाही."

तिने पाटल्यांवरून एकदा हात फिरवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "जाऊ देत. आधी माझं मंगळसूत्र घेऊन या."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो अल खोरला गेला. विश्वचषकाच्या कामांसाठी जागोजागी रस्ते वळवलेले, त्यामुळे परतायला संध्याकाळ झाली. आमच्या देवघरासमोर त्याने ते तिच्या गळ्यात बांधले. पाटल्या मनगटात घट्ट बसल्या होत्या. माझ्या पत्नीने साबण लावून हळूच उतरवल्या. अर्जात मंगळसूत्र, हत्यारे आणि पाटल्या, तिन्ही लिहिली गेली. पुढे न्यायालयाने पाटल्या घेतल्या, मंगळसूत्र आणि हत्यारे मात्र सोडली. नोकरी संपवून तो नाशकास परतला, तेव्हा त्याच रंध्यांवर त्याचा संसार पुन्हा उभा राहिला.

वाचकहो, तुमच्या घरी देवापुढचा दिवा अखंड तेवो, वडीलधाऱ्यांना आरोग्य आणि लेकराबाळांना दीर्घायुष्य लाभो, आणि सत्य सांगताना तुमच्यापैकी कोणाचाही आवाज कधी कापू नये. शुभं भवतु.