उजवीकडून पेटलेला भुईनळा

किसनराव आमच्या चित्रासमोर उभे राहून हसत होते. चित्र हसण्यासारखं नव्हतं.

धाराशिवजवळच्या वाशीचा आठवडी बाजार भरला होता. दिवाळी जवळ आलेली. किसनराव तेरखेड्याचे, त्यांचं दारूकामाचं दुकान होतं. दारूकाम म्हणजे फटाके. माझ्या सासुरवाडीला हे समजावून सांगायला मला फार वेळ लागला होता. दुकानाच्या ताडपत्रीवर आमचं चित्र टांगलेलं होतं आणि त्याच्यापुढे दुकानदार स्वतःच पोट धरून उभे.

"मास्तर, ह्यो गडी येडा हाय का?"

"का हो?"

"न्हाय, आधी फुटतंय. मग ह्यो पळतोय. आन् मग येऊन काडी लावतोय. फुटल्यावर काडी कशाला लावायची?"

शेजारचा मिठाचा व्यापारी वाकून बघायला आला. "व्हय की," तो म्हणाला, "गडी उलट्या डोक्याचा दिसतोय."

शेवंता, किसनरावांची मुलगी, माझ्या शेजारी उभी होती. ती हसत नव्हती. त्या चित्रावर तिचं पुढचं सगळं ठरणार होतं.

आता थोडं मागे जातो. मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्यावर इकडे मुंबईच्या ड्रॉइंगच्या परीक्षा आल्या. पहिली एलिमेंटरी, दुसरी इंटरमिजिएट. त्यांच्या मागोमाग मीही आलो, ड्रॉइंग मास्तर म्हणून, पुण्याकडून. मला वाटलं होतं, आपण कला घेऊन चाललोय. वाशीला उतरलो तेव्हा माझ्या हातात ट्रंक होती आणि डोळ्यांपुढे बालाघाटचे जांभळे डोंगर. त्या डोंगरांकडे बघत चालताना मी एका म्हशीला धडकलो आणि "माफ करा" म्हणालो. गावात माझी ओळख त्या दिवशी झाली ती झालीच.

शेवंता दहावीत होती. शाळेसाठी वाशीला आत्याकडे राहायची. अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, ड्रॉइंग हा विषय घ्यायचा, त्याआधी धाराशिवच्या केंद्रावर जाऊन इंटरमिजिएट द्यायची, असं तिच्या मनात होतं. माझ्या मनात त्याच्या बरंच पुढचं होतं. मी तिला मुंबईच्या आर्ट स्कूलच्या जिन्यावर चढताना बघत होतो. ती फळ्यापुढे तांब्या-पेला काढत असायची आणि मी खिडकीतून करडईच्या शेतावरचं पिवळं ऊन बघत तिच्यासाठी मुंबईत खोली शोधत असायचो.

किसनराव मात्र जमिनीवर होते. ते शाळेत आले ते थेट बोलले.

"चितरं काढून व्हतंय काय, मास्तर?"

"न बोलता सांगता येतं," मी म्हणालो. "त्याला डिझाइन म्हणतात. अक्षर न येणाऱ्यालाही कळतं."

"आसं?" त्यांनी डावी भुवई वर केली. ती भुवई अर्धीच होती; उरलेली तरुणपणी एका भुईनळ्यानं नेलेली. "मग माझं एक काम करा. भुईनळा म्हंजी मातीच्या बोळक्यात भरलेली दारू. पेटवला की ठिणग्यांचं झाड उभं ऱ्हातंय. पन लोक काडी लावत्यात आन् तितंच तोंड घालून बघत बसत्यात. दरसाली कुनी ना कुनी भाजतंय. मागं सरका, मागं सरका म्हणून माझा घसा बसतोय. पोरीनं आसं चितर काढावं की मला तोंड उघडायला लागू नये. जमलं तर घेऊ द्या इषय."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दहावी झाली तेवढं बास. घरी कागदाच्या नळ्या वळायला माणूस कमीच हाय."

आम्ही कामाला लागलो. मी शेवंताला सांगितलं की गोष्ट चित्रात सांगायची असेल तर तिचे तुकडे करायचे. एका तुकड्यात एकच कृती. तिनं तीन चौकटी एका ओळीत आखल्या. पहिलीत माणूस वातीला काडी लावतोय. दुसरीत तो मागे पळतोय. तिसरीत ठिणग्यांचं झाड आणि दूर उभा माणूस. रंग मोजके, मागे गडद निळा, ठिणग्या पिवळ्या, माणूस पांढऱ्या धोतरात. ठिणग्या इतक्या सुंदर उतरल्या की मी दोन दिवस शाळेत येता-जाता आकाशाकडे बघत होतो.

बाजारात नेण्याआधी ते चित्र हेडमास्तरांना दाखवलं. हेडमास्तर तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले, पण सगळं शिक्षण हैदराबादेत उर्दूतून झालेलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"छान आहे," ते म्हणाले. "मॉडर्न आहे."

मी ती शाबासकी समजलो.

तर आता परत बाजारात. किसनराव हसून हसून डोळे पुसत होते. मी त्यांना चित्रकलेतला अर्थ समजावून सांगायला लागलो. एवढ्यात शेवंतानं वडिलांना विचारलं, "दादा, तुमी कुठून बगितलंत?"

"कुठून म्हंजी? हितून." त्यांनी बोट उजवीकडच्या चौकटीवर ठेवलं आणि डावीकडे सरकवत नेलं. "फुटलं, पळाला, काडी लावली."

"उजवीकडून?"

"मग? वाचायचं कुठून आस्तंय? आमी काय तुमच्यावाणी मराठी शाळेत गेलो व्हय? निजामाच्या वक्ताला उर्दूच शिकलो. दुकानावरली पाटी बी तशीच वाचितो."

मिठाचा व्यापारीही उर्दूच शिकलेला. आणि हेडमास्तरांचं 'मॉडर्न' म्हणजे काय, तेही मला तिथं, मिरच्यांच्या ठसक्यात उभ्या उभ्या कळलं. गावातली शिकलेली पन्नाशीची सगळी पिढी उजवीकडून डावीकडे बघत होती आणि मी पुण्याहून डावीकडून उजवीकडे आलो होतो.

"मग उलट्या क्रमानं काढू," मी घाईनं म्हणालो.

"मग माझ्या वर्गातल्या पोरींना उलटं दिसंल, गुरुजी."

एवढं बोलून तिनं शेजारच्या शिंप्याकडून कात्री मागून आणली. मी तो जाड कागद सोलापूरहून मागवला होता. तो कापला जाताना मी तोंड फिरवलं आणि डोंगराकडे बघत राहिलो. मागं वळून बघितलं तेव्हा तिन्ही चौकटी सुट्या झाल्या होत्या. तिनं त्या खळीनं एका लांब पुठ्ठ्यावर चिकटवल्या. काडी सगळ्यात वर, त्याखाली पळणं, सगळ्यात खाली ठिणग्या.

"वरून खाली तर सगळेच वाचत्यात," ती म्हणाली.

पुढच्या बाजारी किसनराव खरंच तोंड दाबून बसले. इतके की पान खायलाही उघडलं नाही. दिवस कलता कलता एक म्हातारे शेतकरी आले. एक भुईनळा घेतला, पैसे दिले, आणि चित्रासमोर उभे राहिले. नजर वरून खाली गेली. मग म्हणाले, "हितंच एक लावून बगतो." दुकानापासून लांब, मोकळ्या जागी त्यांनी भुईनळा ठेवला, काडी लावली, आणि न सांगता पार कडुलिंबाच्या झाडापर्यंत मागे गेले. तिन्हीसांजेच्या निळ्यात ठिणग्यांचं झाड उगवलं. अगदी चित्रातल्यासारखं. मी आ वासून बघत राहिलो, आणि मला मागे ओढायला शेवंताला माझी बाही धरावी लागली.

किसनराव मात्र झाडाकडे बघत नव्हते. ते चित्राजवळ जाऊन वरच्या चौकटीतल्या माणसाला निरखत होते. शेवंतानं त्याला अर्धीच भुवई काढली होती.

त्यांनी स्वतःच्या डाव्या भुवईवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "म्या मागल्या बाजारी ह्येलाच येडा म्हनलो व्हय?"

शेवंता खाली बघत होती.

"घेऊ द्या इषय, मास्तर," ते म्हणाले. "पन मिशी नीट काढाय शिकवा. माझी एवढी पडेल न्हाय."

शेवंता इंटरमिजिएट पास झाली, अकरावी ड्रॉइंग घेऊन झाली. आर्ट स्कूलचा तो जिना काही ती चढली नाही. धाराशिवला मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे माझ्यापेक्षा बरं शिकवते. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या पुड्यांवर तिची चित्रं असतात. त्यातल्या माणसाची मिशी भरघोस असते.

मी एवढंच शिकलो की चित्र टांगण्याआधी बघणाऱ्याला विचारावं, तुम्ही सुरुवात कुठून करता. माझ्या वर्गात तेव्हापासून सगळी चित्रं एकाखाली एक लावलेली असतात. एकदा इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं, हे असं का. एवढी मोठी गोष्ट ऐकायला त्यांना वेळ नव्हता. मी म्हणालो, "भिंत अरुंद आहे, साहेब."