थांबण्याचा कालावधी : पंधरा मिनिटे

"डाक्टर राउंडला गेल्यात, बसा." असं म्हणताना मावशी उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायच्या. भोरमधल्या आमच्या मुलांच्या दवाखान्यात एकही खाट नव्हती, तेव्हा हा राउंड कुठला ते तुम्हीच ओळखा. डॉक्टर पुण्याला राहत. राउंड पुणे ते भोर असे आणि वाटेत चहाचा एक थांबा असे.

मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो. मला निदान जाळीचा आडोसा होता, दारावरच्या मावशींना तोही नव्हता. किंचाळणारी पोरं, बिस्किटांचा चुरा आणि "आमचा नंबर कवा?" हे सगळं त्यांच्या अंगावर. अशा बाकावर तुम्हीही कधीतरी बसला असाल. तिथे माणसाला पोराच्या तापापेक्षा मध्ये घुसणाऱ्याचीच काळजी जास्त.

मग दवाखाना चालवणाऱ्या आमच्या संस्थेला समाधान मोजायची हुक्की आली. छापील फॉर्म आले. थांबण्याचा कालावधी किती? सेवेबद्दल समाधानी की असमाधानी? मावशींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या बायांना विचारायच्या आणि मी लिहायचो.

"किती येळ थांबलीस गं?" त्यांनी मार्गासनीच्या एकीला विचारलं.

"परवापास्नं म्हना की. तवाच ताप भरला, पन येष्टी आज गावली."

"आन् समाधानी हाईस का?"

"व्हय की. दोन पोरं हायती, सासू बी बरी हाय."

"लिवा," मावशी मला म्हणाल्या, "बाई बोलली तसंच लिवा."

मी 'पंधरा मिनिटे' लिहिलं आणि 'समाधानी'वर खूण केली. सगळ्यांचंच तसं लिहायचो. संस्थेला पंधरा मिनिटं फार आवडायची.

एका सोमवारी पाली गावची एक तरुण बाई आली. नंबर बराच मागचा होता. मांडीवरचं पोर रडत नव्हतं. एवढ्या गलक्यात न रडणाऱ्या पोराकडे लक्ष गेलं ते एकट्या मावशींचं. त्यांनी त्याच्या तळपायाला चिमटा काढला. पोर हूं की चूं करेना, तशी त्यांनी ते उचललं आणि थेट आत नेलं. आत संस्थेच्या अध्यक्षांचे व्याही नातवाची सर्दी दाखवायला बसले होते. सर्दी केव्हाच दाखवून झाली होती, आता गप्पा चालल्या होत्या.

"सरका तुमी," मावशी म्हणाल्या. "तुमच्या नातवाचं नाक उद्या बी गळंल."

पोराला सलाईन लावून गाडीने तडक पुण्याला नेलं. ते वाचलं.

व्याही मात्र तरातरा खिडकीशी आले. "चष्मा गाडीत राहिलाय, तुम्हीच लिहा," म्हणाले. मी लिहिलं: कर्मचारी उद्धट, असमाधानी. तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं. अहो, खोट्या फॉर्मांचा ढीग रचणाऱ्या माझ्या हातांनी तेवढा एकच फॉर्म सांगितल्याबरहुकूम भरला. मी घाबरलो होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

मावशी कंत्राटी होत्या. महिनाअखेरीस कंत्राट संपलं आणि पुन्हा झालंच नाही. उरलेल्या फॉर्मांच्या जोरावर त्याच महिन्यात दवाखान्याला समाधानी पालकांबद्दल ढाल मिळाली. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी ती स्वतःच्या खोलीत लावली.

शेवटच्या दिवशी साहेबांनी मावशींच्या हातात त्या तक्रारीची झेरॉक्स ठेवली. ती घेऊन त्या माझ्या खिडकीशी आल्या.

"वाचा की."

मी वाचलं. वाचायला असं कितीसं होतं!

"ह्यात त्या पोराचं काय लिवलंय?"

"नाही. तसं काही विचारलेलं नाही त्यात."

त्यांनी कागदावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला वाचता न्हाई येत. पन रोज बघून बघून तुमचं अक्षर वळखू येतंय. लई सुबक काडता."

झेरॉक्सची घडी पिशवीत घालून त्या येष्टी गाठायला निघून गेल्या.