बायांचा डबल

मारोतीभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी नागपुरात होतो. कोंढ्याहून पुतण्या निरोप घेऊन आला, "मोठे बाबा सकाळीच गेले." आजार लांबलेला होता, त्यामुळे धक्का असा बसला नाही. एसटीत बसल्यावर मात्र लाखनीची राईस मिल आठवत राहिली...

मारोतीभाऊ माझा चुलतभाऊ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो त्या मिलमध्ये कामगारांचे पगार काढायचा, मी गेटवर ट्रकची नोंद ठेवायचो. उकडलेलं धान पटांगणात वाळवायला तासावरच्या बाया होत्या, त्यांत त्याची बायको यमुनावहिनीही. हंगामात पाळी संपल्यावरही धान गोळा करायला त्यांना थांबवून घेत. पुरुषांना त्या जादा वेळेचा दुप्पट दर मिळे, बायांना साधाच. मारोतीभाऊने एका पगाराला बायांचाही हिशोब तसाच केला. तासाचा दर घेतला, त्यात महागाई भत्त्याचा वाटा मिळवला आणि पाळीनंतरच्या तासांना तो दुप्पट लावला.

मिलच्या मालकांनी, सेठजींनी, त्याला बोलावलं. "बायाइले कायचा डबल?"

"कायद्यात बाई-माणूस लिहून नाही, सेठजी. कामगार लिहून आहे."

सेठजींनी त्या महिन्याचे पैसे दिले आणि दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली की बायांना घरी पाठवू लागले. राहिलेलं धान पुरुष उचलत. वरकमाई बंद झाल्यावर बाया मारोतीभाऊशी बोलेनाशा झाल्या. मी एकदा त्याच्याकडे जेवायला होतो. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या डबलाच्या नादात आमचा सिंगलबी गेला." तो खाली मान घालून जेवत राहिला. हिशोब मागे घेतो, असं मात्र त्याने कधी म्हटलं नाही.

पुढच्या हंगामात एका दुपारी आभाळ भरून आलं. पटांगणभर धान पसरलेलं, पुरुष ट्रक भरण्यात अडकलेले आणि बायांची पाळी संपलेली. त्यांना थांबवायला मुकादम गेटपर्यंत धावत आला, मागोमाग सेठजीही. वहिनी चप्पल घालत होती. ती म्हणाली, "डबल देसान त थांबतो. नाही त चाललो घरी." मागच्या बायाही थांबल्या. सेठजींनी एकदा आभाळाकडे पाहिलं अन् मान हलवली. धान वाचलं. मारोतीभाऊ ऑफिसात बसून होता, बाहेर आला नाही. पण त्यानंतर तो त्या मिलमध्ये असेपर्यंत बायांचा डबल कोणी कापला नाही.

तेरवीला मी पुन्हा कोंढ्याला गेलो. पंगती लांबल्या, भांडी घासायला आलेल्या बायांना अंधार पडेपर्यंत थांबावं लागलं. निघताना वहिनीने त्यांच्या हातावर ठरल्यापेक्षा जास्त पैसे ठेवले. तिचा दीर म्हणाला, "वहिनी, इतके कायले देऊन राहिली? घरचंच त काम आहे."

"थांबवलं ना आपण त्याइले," ती म्हणाली आणि पुढच्या बाईचे पैसे काढू लागली.