झाकलेल्या काचा

उस्मानचाचा कुणाच्याही घरी सोलर बसवायला गेले, की आधी बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे. टाकीचं नंतर बोलायचे. नांदेडला मी घर बांधलं, तेव्हा त्यांनी आमचंही पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"लई खारं हाय, सर. स्टीलची टाकी घेऊ नका, क्षार धरून बसंल. आतून काचेचा मुलामा असलेली घ्या. अन् भाभी, असल्या पान्यात तुमची डाळ तरी कशी शिजून राहिली?"

मी स्टीलचीच घेतली. लातूरच्या दुकानात ती चकाकत होती, म्हणून. चाचांनी न कुरकुरता बसवून दिली. "तुमची टाकी, तुमची मर्जी. मला मात्र बोलवावंच लागंल."

तिसऱ्या वर्षी गरम पाणी थेंब थेंब येऊ लागलं. फोनवर चाचांनी त्यांचा नेहमीचा नियम सांगितला. "मी यायच्या दोन दिवस आधी सोलरच्या काचा झाका, अन् आतलं गरम पानी काढून टाका. टाकी बाहेरून गारच लागती सर, आतलं कळत न्हाई."

मी विसरलो. ते फाटकाशी आले, तेव्हा धावत गच्चीवर जाऊन काचांवर चादर टाकली.

"कधी झाकलं, सर?"

"परवाच."

आलेला माणूस परत जाऊ नये, एवढंच तेव्हा मनात होतं. चाचांनी पाना लावून जोड सैल केला. तुंबलेल्या टाकीतलं उकळतं पाणी त्यांच्या छातीवर आलं.

दवाखान्यात देगलूरहून आलेला त्यांचा भाऊ माझ्या अंगावर धावून आला. चाचांनीच त्याला थांबवलं. "सरला बोलू नको. त्यांनी झाकलं होतं. टाकीच खोटी हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिलो. बाराव्या दिवशी चाचा गेले.

आता गच्चीवर त्यांनी सांगितली होती तीच टाकी आहे. पाणी छान तापतं. घरातले सगळे त्यानंच आंघोळ करतात. मी गार पाण्याचा नळ सोडतो.

"एवढ्या थंडीत?" बायको विचारते.

"सवय झाली," मी म्हणतो. 'परवाच' म्हणालो होतो, तितक्याच सहज.