पाहुणीचा पत्ता

सुलक्षणा कधीही शुक्रवारी पत्र टाकत नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, ती कामाला आहे. ज्यांच्या घरचं माणूस केअर होममध्ये आहे आणि त्याचा खर्च सध्या कौन्सिल उचलते, अशांना ती कळवते, की हा खर्च पुढे, कदाचित घर विकूनसुद्धा, परत करावा लागू शकेल. शुक्रवारचं पत्र शनिवारी पोचतं, आणि सोमवारपर्यंत फोन उचलायला कुणी नसतं.

"पत्राला वार कळत नाही," असं तिचा मॅनेजर ग्रॅहम चिडवतो.

"माणसांना कळतो," ती म्हणते.

मार्चमध्ये तिनं असंच एक पत्र डॉक्टर शशिधर पेंढारकरांच्या पत्त्यावर पाठवलं. निवृत्त डॉक्टर, पत्नी वारलेली, आता विस्मरणामुळे केअर होममध्ये. मंगळवारी त्यांच्या बहिणीचा फोन आला. सुलक्षणाचं नाव पत्राखाली वाचून त्या सरळ मराठीतच बोलल्या.

"घर किती दिवसांत रिकामं करायचं हो?"

"अहो, रिकामं करा असं कुणी म्हटलंय? मी येते गुरुवारी."

जाण्याआधी तिनं फाइल पाहिली. एडिनबराला असलेल्या क्षितिजनं, म्हणजे डॉक्टरांच्या मुलानं, आत्याच्या सांगण्यावरून फॉर्म भरला होता. घरात कोण राहतं? 'कोणी नाही. आत्या पाहुणी आहे.'

गुरुवारी दार उघडलं ते डॉक्टरांच्या बहिणीनं, एकाहत्तर वर्षांच्या सुचेताबाईंनी. स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याचं झाड छताला टेकलं होतं. चष्मा या खोलीत एक, त्या खोलीत एक. फ्रिजवर त्यांच्या नावानं घेतलेल्या दवाखान्याच्या भेटींच्या तारखा लावलेल्या.

"मावशी, तुमचं स्वतःचं घर कुठे आहे?" सुलक्षणानं चहा घेता घेता विचारलं.

"डर्बीला नर्स होते तेव्हा भाड्याची खोली होती. वहिनी गेली, तशी दादाकडे आले. दोन महिन्यांसाठी."

"किती वर्षं झाली?"

सुचेताबाईंनी कढीपत्त्याकडे पाहिलं. "एकोणीस."

"मग पाहुण्या कशा तुम्ही?"

"अगं, भावाचं घर म्हणजे माहेर. तिथं बहीण पाहुणीच. माझं घर म्हणून लिहिलं, तर लोक म्हणतील, दादाला काही आठवेना झालं आणि हिनं घर बळकावलं."

सुलक्षणानं कप खाली ठेवला. साठीच्या पुढची सख्खी बहीण, भाऊ केअर होममध्ये जाण्याआधीपासून, तिथेच कायमची राहत असेल, तर ती राहते तोवर ते घर खर्चाच्या हिशोबात धरत नाहीत, हे तिनं सावकाश, दोनदा सांगितलं. "मालक दादाच राहतील. तुम्ही फक्त खरं लिहायचं."

"तूच लिही ना."

"ते मला चालत नाही. तुमच्याच हातचं हवं."

"मग दादाला विचारल्याशिवाय नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी केअर होममध्ये गेल्या. डॉक्टर खिडकीशी बसले होते. गेले कित्येक आठवडे त्यांनी कुणाला नावानं हाक मारली नव्हती.

"दादा, घराच्या कागदावर माझं नाव घालू का? राहणारी म्हणून?"

त्यांनी तिच्या ओल्या रेनकोटकडे बराच वेळ पाहिलं. "पाऊस आहे?"

"थोडासा."

"मग घरी जा लवकर. मागचं दार अडकतं. खांद्यानं ढकल."

सुचेताबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरासारखी स्कार्फची कड डोळ्यांना लावली. "एकोणीस वर्षं ढकलतेच आहे की रे."

त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरच कागद ठेवला. पत्त्याच्या रकान्यात घराचा नंबर लिहिताना हात थोडा थांबला. मग त्यांनी तो नीट, नर्सच्या गोल अक्षरात पुरा केला.

तीन आठवड्यांनी निर्णय आला. घर हिशोबातून वगळलं होतं. सुलक्षणानं पत्र पाकिटात घातलं आणि कोट चढवला.

"आज शुक्रवार आहे," ग्रॅहम म्हणाला.

"माहीत आहे," म्हणत ती पोस्टाच्या पेटीकडे निघाली.

सोमवारी सुचेताबाईंचा फोन आला. "शनिवार-रविवार झोप लागली गं. मागच्या दारासाठी सुतार बोलावणार होते. पण म्हटलं, राहू दे."