रुफिनाचे चार कडू कंद

रुफिना आमच्या गावातली सगळ्यात खाष्ट बाई. हे मी तिची मैत्रीण म्हणून सांगतेय, वैऱ्याला विचाराल तर याहून वाईट ऐकाल. नाकावर माशी बसू द्यायची नाही. दुसऱ्याच्या शेतातला कंद कधी घरात घेतला नाही, का तर म्हणे लोकांना माती सैल करता येत नाही. माझ्या शेताबद्दलही हेच म्हणायची, तेही माझ्या तोंडावर. तरी चाळीस वर्षं आम्ही एकाच तव्यावर भाकऱ्या टाकल्या, कारण तिच्यासारखी कसाबे भाकरी हवानापासून आमच्या गावापर्यंत कुणाला जमत नव्हती.

कसाबेचं काम म्हणजे जिवाशी खेळ. कडू युकाचा कंद सोलायचा, किसायचा, विणलेल्या लांब पिशवीत घालून पिळायचा, विषारी रस पार काढून टाकायचा आणि मग कीस गरम तव्यावर थापायचा. अशी भाकरी सहा महिने टिकते. गोड युकाही असतो, तो नुसता उकडूनही खाता येतो, पण रुफिनाच्या शेतात तो औषधालासुद्धा नव्हता. गोड कंद वाटसरू उपटून नेतात. कडू कंद कच्चा खाल्ला तर बैल आडवा होतो, त्यामुळे चोर तिकडे फिरकत नाहीत. सोलून ठेवले की दोन्ही दिसायला सारखेच.

आता तिबुर्सियो. हा खेचरवाला. तिच्या भाकऱ्या शहरात न्यायचा आणि दर रविवारी प्रार्थना आटोपली की तिच्या शेतात खुरपायला बसायचा. एक तप असं चाललं. लग्नाचं म्हणाल तर तोंडात मूग. मी त्याला एकदा म्हटलं, "अरे, खेचराला हाकताना तर गाव गोळा करतोस, इथे काय झालं?" तर म्हणाला, "खेचर नाही म्हणत नाही ना, पेत्रोनिलाबाई." आणि रुफिना? ती आपण होऊन विचारणार? सूर्य पश्चिमेला उगवला असता.

मग लढाई आली. तिकडे युरोपातल्या राजांचं सहा वर्षं वाजत होतं. जर्मनीत काय, कॅनडात काय, कुठल्या कुठल्या समुद्रात काय. पाद्रीबाबांनी एका रविवारी वाचून दाखवलं की आपले स्पेनचे महाराजही इंग्रजांविरुद्ध त्यात उतरलेत. रुफिना मला कोपराने ढोसून म्हणाली, "पंगत उठता उठता जेवायला बसलेत." हसू दाबताना माझी जपमाळ खाली पडली.

जून महिन्यात इंग्रजांची गलबतं हवानासमोर उभी राहिली, मोजता येईनात इतकी. सुभेदाराने बायकामुलांना शहराबाहेर काढलं. गुलामांना स्वातंत्र्याचं वचन देऊन तोफांवर उभं केलं. आमच्यासारख्या गावांतले पुरुष कोयते घेऊन निघाले. आणि आमची घरं शहरातल्या रेशमी बायकांनी भरली. रुफिनाने दुसऱ्याच दिवशी प्रत्येकीपुढे किसणी ठेवली. दोन्या एस्कोलास्तिका म्हणून एक बड्या घरच्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझ्या हातांना याची सवय नाही गं."

"सवय काय, लावली की लागते, बाईसाहेब," रुफिना म्हणाली. "मोरो किल्ल्यावर तुमच्या यजमानांना हात चावायला पाठवू, की भाकरी?"

बाईसाहेबांनी किसायला घेतलं. बोटं सोलली, रडल्या, पण आठ दिवसांत आमच्यासारख्या शिव्या द्यायला लागल्या. खोटं कशाला बोलू, त्या दोन महिन्यांत आम्ही जेवढ्या हसलो तेवढ्या पुढे कधी हसलो नाही. तोफांचा आवाज दिवसभर ऐकू यायचा आणि आम्ही हसायचो. नाहीतर वेड लागलं असतं.

तिबुर्सियो खेचरांवरून भाकऱ्या पोचवायचा आणि एका फेरीला तिकडेच राहिला, मोरोवर. सदरा फाटून चिंध्या झाल्या तेव्हा कुणीतरी त्याला मेलेल्या शिपायाचा कोट दिला. पांढरा, निळ्या कॉलरचा, स्पेनहून आलेल्या पलटणीचा. झालं असं की कधीतरी सणाच्या संचलनात रुफिना बोलून गेली होती, "पांढऱ्या कोटात माणूस उठून दिसतो." या शहाण्याने ते मनात धरलेलं. भर ऑगस्टच्या उकाड्यात कोट काही उतरवेना.

किल्ला पडला, शहराने हात टेकले. तहात ठरलं की गावकरी शिपायांनी हत्यारं टाकून घरी जावं आणि पांढऱ्या कोटवाल्यांना गलबतांत भरून स्पेनला धाडावं. इंग्रजांनी कोट बघून माणसं वेगळी काढली. आमच्या गावचा सेफेरिनो, अंगात कोट नव्हता, फाटकी कोपरी होती म्हणून सुटला. त्यानेच येऊन सांगितलं, "तिबुर्सियो ओरडून सांगतोय मी इथलाच म्हणून, पण अर्धी पलटण तेच ओरडतेय. परवा गलबत सुटणार."

रुफिना तडक उठली. शेतात गेली, चार कंद उपटले, सोलले, टोपलीत ठेवले. मी म्हटलं, "अगं, चारही कडू? एखादा गोड घे की माझ्याकडचा."

"तुझ्याकडचा नको."

"आणि त्याने खाल्ला तर?"

"एक तप माझ्या शेतात काढून त्याला एवढंही कळलं नसेल," ती म्हणाली, "तर जाऊ दे त्याला स्पेनला." असं म्हणाली खरी, पण वाटभर दर दहा पावलांना टोपलीतले कंद मोजत होती. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

धक्क्यावर एक इंग्रज अंमलदार मेजाशी बसला होता, तापाने पिवळा पडलेला. शेजारी दुभाषा. रुफिना सरळ पुढे गेली. "साहेबांना सांगा, इथला माणूस कोण आणि परका कोण ते मी दाखवते. जो इथला म्हणवतो त्याला विचारा, यातला कच्चा चावता येईल असा गोड युका कुठला." अंमलदाराला गंमत वाटली. त्याने मान डोलावली.

पहिला शिपाई आला. ऐटीत म्हणाला, "मी जन्माने हवानाचा," एक कंद उचलला आणि तोंडाकडे नेला. रुफिनाने त्याच्या हातावर असा फटका मारला की कंद पाण्यात. "मेला असतास, बाळा. जा, आईकडे जा." दुसऱ्याने डावीकडचा दाखवला, तिसऱ्याने मधला. दोघेही रांगेत परत.

मग तिबुर्सियो. घामाने निथळत होता, कोटाची बटणं गळ्यापर्यंत. त्याने टोपलीत पाहिलं, रुफिनाकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. अंमलदार काहीतरी पुटपुटला. दुभाषा म्हणाला, "साहेब विचारतात, घाबरला काय? उचल एक."

"यात गोड नाहीच," तिबुर्सियो म्हणाला.

"तिन्हींत एकही नाही?"

"हिच्या आख्ख्या शेतात नाही. होते ते बारा वर्षांपूर्वी हिच्याच सांगण्यावरून मी उपटलेत, ही बांधावर उभी राहून ओरडत होती. आणि दुसऱ्याच्या शेतातला कंद ही आणायची नाही. दर रविवारी खुरपतो मी तिथे, साहेब. ओळ चुकली तर ढेकूळ फेकून मारते."

धक्क्यावरचे आमचे लोक हसायला लागले. दुभाष्याने सांगितलं तसा अंमलदारही हसला, हसता हसता खोकला. लेखणी शाईत बुडवली आणि काही विचारलं. दुभाषा रुफिनाकडे वळला. "सोडतोय म्हणतात. पण कुणाच्या हवाली ते लिहायला हवं. हा तुमचा कोण?"

रुफिना एक पाऊल मागे सरली. जन्मात पहिल्यांदा. मग हनुवटीने तिबुर्सियोकडे खूण करून म्हणाली, "त्याला विचारा."

तिबुर्सियो कानांपर्यंत लाल झाला. वाटलं, हा आता स्पेनला जाईल पण बोलायचा नाही. आणि तो बोलला, खाली बघत, पण सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं. "ही हो म्हणाली, तर नवरा."

दुभाष्याने रुफिनाकडे बघितलं. अंमलदाराला भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तोही बघत राहिला.

"लिहा," रुफिना म्हणाली. "नवरा लिहा. बारा वर्षं मी थांबले, तुमची शाई कशाला वाळवता?" आणि मग तिथेच, इंग्रजांच्या सगळ्या फौजेसमोर, आमच्या गावातली सगळ्यात खाष्ट बाई ओढणीने तोंड झाकून रडली.